बिझेनच्या भट्ट्या पेटत्या राहायला हव्यात

जपानच्या ओकायामा प्रांतातल्या इम्बे या छोट्या गावात स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं की घरांच्या छपरांमधून वर आलेली विटांची चौकोनी धुरांडी दिसतात. त्यांच्याखाली बिझेन नावाची भांडी भाजली जातात. झिलई नाही, रंग नाही, चितारलेली नक्षी नाही. माती, लाकूड आणि आग एवढ्याच भांडवलावर इथले कुंभार आठशेहून अधिक वर्षं भांडी घडवत आले आहेत. जपानच्या सहा प्राचीन भट्टीगावांमध्ये इम्बेची गणना होते. 2017 मध्ये त्या सहाही गावांना मिळून ‘जपानी वारसा’ असा सरकारी दर्जा मिळाला. दर्ज्याने सरपण मिळत नाही. लाल पाइनचं लाकूड दुर्मीळ आणि महाग झालं आहे, शेताखालची चांगली माती आटत चालली आहे, आणि ज्यांनी भट्टीपाशी रात्री जागवल्या त्यांची वयं झाली आहेत. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी घडताहेत, म्हणून हे आवाहन. ते मराठी वाचकाला करायलाही कारण आहे, ते पुढे येईल.

आधी हे भांडं कसं होतं ते पाहू, कारण ते कळल्याशिवाय काय जाणार आहे हे कळत नाही.

इम्बेच्या मातीला हियोसे म्हणतात. भातशेताच्या खाली, दोन-तीन मीटर खोलीवर तिचा थर सापडतो. कापणी झाली की हिवाळ्यात वरची माती बाजूला काढून ठेवायची, खालची काळपट चिकण उचलायची आणि शेत पुन्हा होतं तसं करून द्यायचं. काढलेली माती उघड्यावर ऊन, पाऊस, गारठा खात पडून राहते. मग ती कुटायची, पाण्यात कालवून गाळायची, मुळ्या आणि खडे वेचायचे, पुन्हा मुरत ठेवायची. चाकावर ती गुणी, आगीत मात्र हट्टी. तिच्यात लोह आणि सेंद्रिय द्रव्य भरपूर असतं, ती खूप आकसते, आच घाईने वाढवली तर तडकते, झिलई लावली तर तिच्यावर ती नीट धरत नाही. इम्बेच्या कुंभारांनी मातीचा हा स्वभाव बदलायचा हट्ट धरला नाही. त्यांनी भाजणी लांबवली.

भट्टी रचायलाच कित्येक दिवस लागतात. कुठलं भांडं कुठे ठेवलं यावर त्याचं रूप ठरतं, म्हणून रचणाऱ्याच्या डोक्यात ज्वाळेची वाट आधीच आखलेली असते. पहिले काही दिवस मंद धग, फक्त ओल निघून जाण्यापुरती. मग हळूहळू आच चढवत बाराशे अंशांच्या वर न्यायची आणि तिथे धरून ठेवायची. एकूण दहा दिवस ते दोन आठवडे. या काळात भट्टीला रात्र नसते. पाळ्या लावून माणसं बसतात. दर काही मिनिटांनी तोंडाशी फोडलेल्या पाइनच्या चिरफळ्या सारल्या जातात, धुरांड्यातून काळा लोट निघतो, तो निवळू लागला की पुढची चिरफळी. अनुभवी माणूस हे घड्याळावर करत नाही. तो ज्वाळेचा रंग पाहतो, भट्टीचा घुमणारा आवाज ऐकतो, आणि उठतो.

लाकूड पाइनचंच का, याला कारण आहे. पाइनमध्ये राळ असते, त्यामुळे त्याची ज्वाळा लांब पळते आणि भट्टीच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत पोचते. त्याची राख ज्वाळेबरोबर उडते, भांड्यांच्या खांद्यांवर बसते आणि त्या धगीत मातीतल्या वाळूशी मिळून वितळते. त्यातून पिवळसर-तपकिरी ठिपके उमटतात, त्यांना गोमा म्हणजे तीळ म्हणतात. जे भांडं निखाऱ्यांत आणि राखेत गाडलं जातं, त्याला हवा मिळत नाही, त्याच्या अंगावर करडा, निळसर काळोख चढतो. ती सांगिरी. एका भांड्यावर दुसरं ठेवून भाजलं की झाकलेल्या जागी लालसर गोल राहतो, तो बोतामोची. यातलं काहीही कुंचल्याने केलेलं नसतं.

हिदासुकीची गोष्ट तर मुद्दाम सांगायला हवी. फिकट अंगावर लाल धाग्यांसारख्या रेषा उमटलेलं भांडं तुम्ही चित्रात पाहिलं असेल. त्या रेषा भाताच्या पेंढ्याच्या आहेत. रचताना भांडी एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये पेंढा घालायचे, आणि जिथे पेंढा टेकला तिथे लाल रेघ राहिली. ओकायामा विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञांनी याचा मागोवा घेतला तेव्हा कळलं की पेंढ्यातलं पोटॅशियम मातीशी मिळून तेवढ्याच जागी पातळ काचेसारखा थर तयार करतं, आणि भट्टी सावकाश निवत असताना त्या थरात कोरंडम आणि हेमटाइटचे सूक्ष्म स्फटिक वाढतात. लाल रंग त्या हेमटाइटचा, म्हणजे मातीतल्याच लोहाचा. भट्टी झटकन गार केली तर हा लाल रंग असा उतरत नाही. भट्टी उघडायची घाई न करून कुंभारांनी शेकडो वर्षं जे राखलं, ते प्रयोगशाळेला विसाव्या-एकविसाव्या शतकात उलगडलं.

ही कला जुनी आहे म्हणून ती एकाच जागी उभी राहिली, असं समजू नये. ती प्रयोगांनीच जगली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून बिझेनला वाईट दिवस आले होते. इम्बेच्या भट्ट्यांतून विटा आणि सांडपाण्याचे नळ निघत होते. युद्धकाळात धातू सरकारजमा झाला तेव्हा शाळांच्या आवारातले, अभ्यासू मुलाचा आदर्श मानल्या गेलेल्या निनोमिया किंजिरोचे ब्राँझचे पुतळे गेले आणि त्यांच्या जागी बिझेन मातीचे पुतळे बसले. अशा काळात कानेशिगे तोयो या कुंभाराने सोळाव्या शतकातल्या मोमोयामा काळच्या चहाच्या भांड्यांचा ध्यास घेतला. ती भांडी कुठल्या मातीची, कुठल्या आचेची, भट्टीत कुठे ठेवलेली, हे शोधत त्यांनी वर्षानुवर्षं भाजण्या केल्या आणि हरवलेला पोत परत आणला. 1956 मध्ये त्यांना जपानने ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ म्हणून गौरवलं. 1952 मध्ये शिल्पकार इसामु नोगुची त्यांच्या भट्टीवर काम करायला आले होते, तेही याच ओढीने.

पुढे 1960 च्या सुमारास इसेझाकी बंधूंनी मध्ययुगीन धाटणीची अनागामा, म्हणजे उतारावर खोदलेली एका पोकळीची बोगद्यासारखी भट्टी, इम्बेत पुन्हा बांधली. त्यांतले धाकटे इसेझाकी जुन यांना 2004 मध्ये तोच राष्ट्रीय मान मिळाला. त्यांच्याकडे शिकलेले काकुरेझाकी र्‍युइची मूळचे नागासाकी प्रांतातले, म्हणजे इम्बेच्या घराण्यांबाहेरचे. उत्तम हियोसे मिळेना तेव्हा त्यांनी इतरांनी टाकून दिलेली, मिसळलेली माती हाताशी घेतली आणि तिच्यातून स्वतःची वाट काढली.

आणि कुंभार मोरी तोगाकु. इम्बेत डोंगराच्या उतारावर जुन्या सामायिक भट्टीचे अवशेष आहेत, लांबी सुमारे 54 मीटर. एवढ्या मोठ्या भट्टीत भाजलेल्या जुन्या रांजणांना जे गांभीर्य होतं ते आजच्या लहान भट्टीत का उतरत नाही, हा प्रश्न या माणसाला आयुष्यभर पुरला. उशिमादो भागातल्या साबुकाझे इथे, जिथे सातव्या शतकापासूनच्या भट्ट्यांच्या खुणा आहेत, त्यांनी आधी 53 मीटरची भट्टी बांधली, मग 85 मीटरची. ही दुसरी भट्टी 2015 च्या जानेवारीत पेटली आणि तीन महिन्यांहून अधिक काळ जळत राहिली. एका प्रश्नाच्या उत्तरासाठी एवढी माती, एवढं लाकूड, एवढी माणसं जमवणं याला मी वेड म्हणणार नाही. ज्ञान मिळवण्याची ती एक रीत आहे, आणि भट्ट्या थंडावल्या तर ती रीतच संपेल.

आता संकटाकडे येऊ. पाइनच्या झाडांना मारणारा एक सूक्ष्म कृमी उत्तर अमेरिकेतून जपानमध्ये आला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नागासाकीत पहिल्यांदा त्याचे परिणाम दिसले. तो पाइनच्या भुंग्यावर स्वार होऊन झाडाझाडांवर जातो आणि झाड काही महिन्यांत वाळतं. खरं कारण शास्त्रज्ञांच्या हाती लागेपर्यंत 1971 साल उजाडलं, आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस हा रोग शिगेला पोचला. ओकायामाचे डोंगरही सुटले नाहीत.

दोष एकट्या कृमीचा नाही, हे मला इथे ठासून सांगायचं आहे. लाल पाइन हे निकस जमिनीचं झाड. गावकरी डोंगरावर जाऊन सरपण तोडत, पालापाचोळा गोळा करत, खतासाठी आणि चुलीसाठी नेत. त्यामुळे जमीन निकस राही, उजेड खाली पोचे, आणि पाइनचीच रोपं जोम धरत. 1950-60 च्या दशकांत घराघरांत गॅस आणि तेल आलं, रासायनिक खत आलं, डोंगराकडे जाणारी पायवाट बुजली. पाचोळा साठत गेला, रुंद पानांची झाडं चढली, सावलीत पाइन दुबळा झाला, आणि दुबळ्या झाडाला रोगाने गाठलं. मात्सुताके या महागड्या अळंब्या पाइनच्या मुळांशी उगवतात, त्याही याच कारणाने दुर्मीळ झाल्या. म्हणजे तोड थांबली म्हणून जंगल वाचलं असं इथे झालेलं नाही. माणसाने पाठ फिरवली म्हणून पाइनचं रान गेलं.

लाकूड जाळणारी कला आजच्या दिवसांत का वाचवायची, असं मला विचारलं जातं. प्रश्न रास्त आहे, पण उत्तर वरच्या परिच्छेदात आहे. भट्टीला पाइन लागतो म्हणून कुणीतरी डोंगर साफ ठेवील, जुनं झाड काढील, नवं लावील. रोगाला तोंड देणारे पाइन जपानच्या वनसंशोधकांनी निवडून वाढवले आहेत, त्यांची रोपं लावता येतात. लावणाऱ्याला मात्र माहीत हवं की तीस-चाळीस वर्षांनी या लाकडाला गिऱ्हाईक असेल. धुराच्या तक्रारीवरही काम झालेलं आहे. फुकुशिमा प्रांतातल्या मिहारूचे कुसाकाबे मासाकाझू यांनी धूर जवळजवळ न सोडणाऱ्या आणि कमी लाकडात, कमी वेळात तापणाऱ्या भट्ट्या बांधल्या, आणि त्यांचं तंत्र हातचं राखून न ठेवता पुस्तकातून जगापुढे मांडलं. दोन आठवड्यांच्या बिझेन भाजणीला तो पर्याय नाही, पण वस्तीजवळ राहणाऱ्या तरुण कुंभाराला लाकडाच्या आगीशी ओळख करून घ्यायचं दार त्यामुळे उघडतं.

पैशाची बाजू अवघड आहे. लाकडाची मोठी भाजणी बहुतेक कुंभारांना वर्षातून एक-दोनदाच परवडते. वर्षभराची मेहनत एका भट्टीत असते. तडकलेलं, चिकटलेलं, कोसळलेलं वजा केलं की उरलेल्या भांड्यांवर पुढचं वर्ष काढायचं. म्हणून काही जण गॅसवर किंवा विजेवर भाजतात. त्यांना मी नावं ठेवणार नाही, पोट सगळ्यांना आहे. पण ग्राहकाने विचारायला हवं, की हे लाकडावर भाजलं आहे का? आणि हो म्हटलं तर त्याचे चार पैसे जास्त द्यायला हवेत. विचारणारा ग्राहक असला तरच तरुण मुलगा किंवा मुलगी पाइनचं लाकूड विकत घ्यायचं धाडस करील.

मदत जमू शकते, याचं उदाहरण त्याच परिसरात आहे. शेजारच्या सेतोउची शहरात ओसाफुने हे तलवारींसाठी नावाजलेलं गाव येतं. तिथे घडलेली सानचोमो ही राष्ट्रीय ठेवा ठरलेली तलवार परत मिळवण्यासाठी शहराने लोकांना साद घातली, देशभरातून देणग्या आल्या आणि 2020 मध्ये सुमारे 50 कोटी येन मोजून ती तलवार घरी आली. एका घडून पूर्ण झालेल्या वस्तूसाठी लोकांनी हे केलं, त्याचा मला आदर आहे. भट्टीची गरज वेगळी आहे. काचेच्या कपाटात ठेवून तलवार राखता येते. भट्टी पेटवूनच राखावी लागते, आणि तिच्यासाठी एकरकमी देणगीपेक्षा दरवर्षी थोडं थोडं घेणारी माणसं जास्त कामाची.

आता आपला संबंध. पुण्यात सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान हजारो मराठी माणसांच्या ओळखीचं आहे. त्याचं दुसरं नाव पुणे-ओकायामा मैत्री उद्यान. ते ज्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलं आहे, ती ओकायामा शहरात 1700 साली पूर्ण झाली, इकेदा घराण्याच्या सरदाराने ती करवली. याच इकेदा घराण्याने इम्बेच्या भट्ट्यांना आश्रय दिला. त्यांनीच स्थापन केलेल्या शिझुतानी विद्यालयाची सभागृहाची इमारत तीनशेहून अधिक वर्षं बिझेनच्या कौलांखाली उभी आहे. मैत्रीच्या नावाने आपण ओकायामाची बाग आणली, पाणी आणलं, माशांचं तळं आणलं. ओकायामाची माती आणि आग मात्र आपल्याकडे कुणी आणली नाही.

भारतात त्यांचा धागा आधीच आलेला आहे, फक्त तो आपल्या राज्याला नीट जोडलेला नाही. सरदार गुरचरण सिंग 1919 मध्ये जपानला जाऊन मृत्तिकाकाम शिकले आणि हामादा शोजी, बर्नार्ड लीच या नामवंत कुंभारांच्या परिचयात आले, पुढे दिल्लीत त्यांनी स्वतःची भट्टी उभी केली. बिझेनमध्ये शिकलेल्या डेबोरा स्मिथ यांनी रे मीकर यांच्याबरोबर 1971 मध्ये पाँडिचेरीत गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली. आज भारतात लाकडाच्या भट्टीवर काम करणाऱ्या अनेकांची पाळंमुळं त्या अंगणात सापडतात.

तेव्हा मागणं स्पष्ट शब्दांत मांडते.

पुणे महापालिकेने आणि शहरातल्या कला महाविद्यालयांनी ओकायामाशी असलेल्या मैत्रीत कुंभारांची देवाणघेवाण घालावी. इम्बेतल्या एका कुंभाराला काही महिने पुण्यात बोलवावं, इथल्या एका विद्यार्थ्याला भाजणीच्या दिवसांत तिकडे पाठवावं. भाजणीला जागणारे हात लागतात, आणि पाळीवर बसून जे शिकता येतं ते वर्गात येत नाही. इम्बेजवळच्या बिझेन मृत्तिका केंद्रात बाहेरच्यांनाही शिकता येतं. मृत्तिकाकाम शिकणाऱ्या मराठी मुलामुलींनी तिथली चौकशी करावी, जपानी भाषा शिकायला आजच सुरुवात करावी.

महाराष्ट्रातून जपानला सहली नेणाऱ्यांनी एक दिवस वाढवावा. ओसाका-क्योतोहून हिरोशिमाला जाताना बुलेट ट्रेन ओकायामावरूनच जाते. तिथून इम्बे लोकलने तासाभराच्या आत येतं. देवळासमोर फोटो काढायला थांबतो, तसं एका भट्टीसमोर थांबावं.

टोकियो, योकोहामा, ओसाका इथे राहणारे मराठी लोक तर याहून सहज करू शकतात. दिवाळीला, लग्नाला, बारशाला भेट द्यायची असेल तर बिझेनचा पेला किंवा फुलदाणी घ्या. साधा पेला काही हजार येनांत मिळतो. स्वस्त नाही, पण पिढ्यान्‌पिढ्या वापरता येतो. कुंभाराच्या घरच्या दुकानातून घ्या, म्हणजे पैसा थेट त्याला पोचेल. आणि घेतलेलं भांडं शोकेसमध्ये ठेवू नका. माझ्या घरच्या पेल्यात मी रोज पाणी पिते. सुरुवातीला खरखरीत होता, हात लागून लागून त्याचं अंग आता गुळगुळीत झालं आहे, ओला केला की गोमाचे ठिपके गडद होतात. पाहुणा तो पेला हातात घेतो आणि विचारतो, तेव्हा इम्बेचं नाव निघतं. त्यातून एखादा गिऱ्हाईक होतो, एखादा विद्यार्थी.

आणि ज्यांना यातलं काहीच जमण्यासारखं नाही, त्यांनी ही माहिती एका तरुणापर्यंत पोचवावी. इम्बेत दरवर्षी शरदात, साधारण ऑक्टोबरच्या सुमाराला, बिझेनचा मोठा बाजार भरतो. गावभर दुकानं लागतात, कुंभार स्वतः उभे असतात, भांडं हातात घेऊन पाहता येतं, भाजणीबद्दल विचारता येतं. जपानला जाणं होणार असेल तर त्या वर्षीच्या तारखा आधी पाहून तिकीट काढा, आणि इम्बे स्टेशनावर उतरा.